लायलच्या झऱ्याकडे

मर्ना स्टॉडर्ड आणि मी ड्राय फोर्कच्या शाळेत एकाच स्वयंपाकघरात कामाला होतो. जेवणात चिली, म्हणजे घेवड्याचं तिखट कालवण, असलं की ती दालचिनीचे रोल लाटायची आणि मी घेवड्याचे डबे फोडायची. घरंही लागूनच होती, मध्ये फक्त तारेचं कुंपण. त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिचा नवरा लायल गॅसच्या विहिरींवर फेऱ्या मारायचा. पहाटे पिकअप काढायची, या विहिरीवरून त्या विहिरीवर जायचं, दाब बघायचा, गळती बघायची. वर्षभर तो मुकाट असायचा. सप्टेंबर लागला की मात्र त्याला वाचा फुटायची, कारण सप्टेंबरात सेजकोंबड्यांच्या, म्हणजे माळावरच्या सेजच्या झुडपांत राहणाऱ्या रानकोंबड्यांच्या, शिकारीचा हंगाम उघडतो. जेमतेम पंधरवडा असतो तो. त्या दिवसांत पहाटे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधताना लायल दरवर्षी मर्नाला विचारायचा, "येतेस?" आणि ती दरवर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी." त्यावर दोघंही हसायची. तो खरंच विचारतोय असं तिला कधी वाटलं नाही. आम्हालाही नाही.

त्याच्याकडे शिकारी कुत्र्यांची जोडी होती. डच हा थोरला, राखाडी ठिपक्यांचा, आपल्याच तोऱ्यात राहणारा. टॅन्सी ही कुत्री त्याच्याहून बरीच लहान. डच नेहमी लायलबरोबर कामावरही जायचा, पिकअपच्या पुढच्या सीटवर माणसासारखा बसून. टॅन्सी घरी मर्नापाशी.

मार्चमध्ये एका दुपारी वादळ उठलं. आमच्याकडे आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा जमिनीवरून उडणाऱ्या बर्फाची भीती जास्त. वर सूर्य दिसत असतो आणि खाली स्वतःचे बूट दिसत नाहीत. लायल संध्याकाळी घरी आला नाही. तसा तो बऱ्याचदा उशिरा यायचा, वादळात एखाद्या विहिरीवरच्या खोपटात रात्र काढायचा. मर्नानं त्याचं ताट ओव्हनमध्ये ठेवलं, टीव्ही पाहिला आणि झोपली. कुणाला फोन केला नाही. ही गोष्ट तिनं नंतर मला एकदाच सांगितली, भांडी घासता घासता, आणि मी काही बोलायच्या आत नळ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी आर्लो ग्रेंजरला लायल आणि डच सापडले, दोघंही थंडीनं गेलेले. आर्लो म्हणजे काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवणारा, लायलचा शिकारीतला जुना जोडीदार. पिकअप रस्त्यावरून घसरून चरात रुतली होती. टाकीत पेट्रोल होतं, मागे घोंगडी होती, पाव आणि मांस होतं. आणि लायल गाडीत नव्हता. तो तिथून बराच दूर, कुंपणाच्या कडेनं आत गेलेला होता, महामार्गाच्या उलट्या दिशेला. त्याचा कोट डचच्या अंगावर होता.

वादळात गाडी सोडायची नाही हे आमच्याकडे पोरांना चालायला शिकवतात तेव्हाच शिकवतात. लायल तर जन्मभर त्याच रस्त्यांवर होता. मग तो उतरला का? गावात ज्याचं त्याचं यावर मत होतं. थंडीनं माणसाचं डोकं फिरतं, अंगावरचे कपडेही काढून टाकतो, असं कोणी म्हणालं. हृदयाचं काहीतरी असेल, असं दुसरं कोणी. मर्ना सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची.  आर्लोला विचारलं की मात्र तो टोपी काढून आतल्या बाजूनं बघायचा आणि पुन्हा डोक्यावर ठेवायचा.

त्यानंतरच्या वसंतात मी तिच्या घरी रोज जायची. तिथे मला बसवायचं नाही. घर नीटनेटकं होतं, कॉफी चांगली असायची, पण टॅन्सीचं काहीतरी बिनसलं होतं. लायल ज्या वेळेला घरी यायचा त्या वेळेला ती उठून मागच्या दारापाशी जायची, शेपटी हलवायची, आणि मग दोन पावलं बाजूला सरून भिंतीला चिकटून उभी राहायची. डच आत येताना ती अशीच वाट द्यायची. दार बंदच असायचं. थोड्या वेळानं ती परत येऊन टेबलाखाली बसायची.

एकदा मर्ना हातात कपड्यांची टोपली घेऊन मागच्या दाराकडच्या बोळातून येत होती. टॅन्सी बाजूला झाली आणि तिच्याबरोबर मर्नाही बाजूला झाली, टोपलीसकट. मी पाहिलं हे तिच्याही लक्षात आलं.

"सवय लागते," ती म्हणाली.

मर्नाची मुलगी बॉयझी शहरात असते, कॅरीन. ती दर रविवारी फोन करून सांगायची की आई, घर वीक, कुत्री कुणाला तरी दे आणि इकडे ये. मर्ना बघू म्हणायची. मला वाटतं, ती गेलीही असती. जुलैमध्ये आर्लो ती बंदूक घेऊन आला नसता तर.

तो मागच्या दारानं आला, जुन्या ब्लँकेटमध्ये काहीतरी लांबट गुंडाळलेलं घेऊन, आणि ते त्यानं टेबलावर ठेवलं. दुनळी बंदूक होती, हलकी, बारीक चणीची. लायलची स्वतःची बंदूक मर्नाला उचलायलाही जड व्हायची. ही नवी नव्हती, पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता नव्यानं कापून घासलेला दिसत होता.

आर्लो म्हणाला की ही लायलची. लायलनं ती फेब्रुवारीत घेतली होती आणि त्याच्याकडे लपवून ठेवली होती. मर्नाच्या वाढदिवसाला द्यायची होती.

मर्ना बंदुकीला हात लावेना. शेवटी आर्लोनंच ती तिच्या हातात दिली. तिनं नाइलाजानं खांद्याला लावली आणि बंदूक जागच्या जागी बसली, जणू तिथंच वाढलेली.

"माप कुठून मिळालं त्याला?" तिनं विचारलं.

"तुझ्या कोटाच्या बाहीवरून. तू शाळेत होतीस, तो कोट घेऊन माझ्याकडे आला होता."

"मला विचारलं नाही त्यानं."

"तो म्हणाला, दरवर्षी विचारतोय. आता विचारायचं नाही, यंदा बंदूक हातात द्यायची आणि निघायचं."

ती आर्लोवर इतकी भडकली की मीच दचकले. तिनं बंदूक ब्लँकेटमध्ये गुंडाळली आणि त्याला घरी जा म्हणून सांगितलं. पुढे बरेच दिवस ती बंदूक तिच्या पलंगाखाली पडून होती. मर्ना मला म्हणाली की तिच्यावर झोपलं की खालून कुणीतरी काहीतरी विचारतंय असं वाटतं. मी म्हटलं, देऊन टाक. ती म्हणाली, "आणि उत्तर कोण देणार?"

ऑगस्टमध्ये टॅन्सीनं खाणं सोडलं. ती दिवसभर लायलच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून राहायची, उन्हातसुद्धा. पशुवैद्यानं तपासलं, काही सापडलं नाही. तेव्हा मर्नानं आर्लोला फोन केला आणि कामाचं काही मागावं तशा आवाजात सांगितलं की हंगामाला जायचंय, तिला काही येत नाही, तो शिकवेल का.

मग तयारी सुरू झाली. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत आर्लो मातीच्या तबकड्या उडवायचा आणि मर्ना त्यांवर नेम धरायची. मी काडतुसं देण्याच्या कामावर होते. पहिल्या दिवशी एकही तबकडी फुटली नाही.

"रोल लाटताना डोळे मिटतेस का?" आर्लोनं विचारलं.

"नाही."

"मग इथे का मिटतेस?"

"रोल आवाज करत नाहीत."

पण ती चिवट होती. हळूहळू फुटायला लागल्या. आर्लो तिला समजवायचा की सेजकोंबडी टर्कीएवढी थोराड असते, उठताना अवघडल्यासारखी उठते, म्हणून बघणाऱ्याला ती सावकाश वाटते. ती सावकाश नसते. तिच्या पुढे नेम धरायचा. एके दिवशी त्यानं कोटाच्या खिशातून सेजकोंबड्यांची वाळलेली विष्ठा काढून तिच्या स्वयंपाकाच्या टेबलावर मांडली, ताजी कशी असते आणि जुनी कशी हे दाखवायला. मर्नानं त्याला ती उचलायला लावली, वर टेबलही पुसायला लावलं. मार्चनंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तिनं परवाना काढला, बूट तेल लावून मऊ केले, पाण्याचे डबे भरून ठेवले. टॅन्सी हे सगळं बघत होती आणि एक दिवस तिनं आपणहून थाळी चाटूनपुसून साफ केली. राहता राहिलं ते कुठे जायचं. आर्लोनं दक्षिणेकडच्या तळ्याचं नाव काढलं. गाडी थेट जाते, चालणं कमी, पक्षी भरपूर.

"लायल तिथे जायचा?" मर्नानं विचारलं.

"कधी कधी."

"आर्लो."

तो कपाकडे बघत राहिला. "नाही. तो झऱ्यावर जायचा. पण तिकडे जायला तोच रस्ता आहे, मर्ना. मी तुला त्या रस्त्यानं नेणार नाही."

"तू नको नेऊस. गाडी मी चालवीन, तू नुसता बस."

हंगाम उघडला त्या सकाळी आम्ही तिघं लायलच्या पिकअपमध्ये बसलो, टॅन्सी मागे. मी शिकारीला कधीच गेले नव्हते आणि जायची इच्छाही नव्हती. मर्नानं बोलावलं म्हणून गेले. सेजच्या झुडपांवर पांढरं दव गोठलेलं होतं आणि उजाडता उजाडता सगळा माळ राखेसारखा दिसत होता. मर्ना हळू चालवत होती. गॅसच्या विहिरी मागे पडल्या, रस्ता कच्चा झाला. आर्लोनं कुंपणाच्या एका कोपऱ्यापाशी नुसतं बोट उचललं. तिनं गाडी थांबवली.

"हा चर?"

"हाच."

झरा अजून दूर होता, गाडी जवळपर्यंत जात होती. पण मर्ना उतरली आणि म्हणाली, "इथून चालू या." तिनं चरात उतरून पाहिलं. तिथे काही नव्हतं, वाळलेलं गवत आणि बिअरचा एक चेपलेला डबा. तिनं डबा उचलून गाडीत टाकला.

"गाडीत बसून राहायचं, हे त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं," आर्लो म्हणाला.

"मग?"

"मला माहीत नाही. त्यानंतर मी हा रस्ता किती वेळा साफ केला असेल. दर वेळी इथे आलो की हेच विचारतो."

आम्ही कुंपणाच्या कडेनं निघालो. मर्ना मध्ये, आर्लो तिच्या डाव्या हाताला, मी मागे. टॅन्सी पुढे डावी-उजवीकडे नागमोडी धावत होती, नाक जमिनीवर, हाडं निघालेल्या त्या कुत्रीत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. चालताना सेज मांड्यांना घासतो आणि त्याचा कडवट वास कपड्यांत शिरतो. वारा अगदी मंद होता आणि आमच्या पाठीवर होता. आर्लो त्यावर कुरकुरला. वारा पाठीवर असला की कुत्र्याला पुढचा वास लागत नाही.

जमीन हळूहळू चढत गेली आणि पुढे एक लांबट टेकाड आलं. त्याच्या पलीकडे झरा. टॅन्सी टेकाडाच्या अर्ध्यावर होती. ती धावता धावता अशी थांबली की जणू कुणी तिला नाव घेऊन हाक मारली. मर्नानं बंदूक वर केली. 

आर्लोनं तिच्या दंडाला हात लावला. 

"काय झालं?" मर्ना कुजबुजली. "तिनं पक्षी धरलाय ना?"

"नाही. पक्षी धरला, म्हणजे दडलेला पक्षी वासानं हेरला, की ती एक पाय उचलते, शेपूट ताठ करते. हे ते नाही."

टॅन्सीचे चारही पाय जमिनीवर होते. मान खाली, शेपूट सैल, नजर टेकाडाच्या माथ्यावरच्या एका मोकळ्या जागेवर. तिथे सेज विरळ होता आणि त्यात काहीही नव्हतं. मीही पाहिलं, काहीही नव्हतं.

"मग ती करतेय काय?"

आर्लोनं टोपी काढून हातात धरली. "पुढचं कुत्रं पक्षी धरून उभं असलं की मागचं असं थांबतं. मध्ये घुसत नाही. त्याला मान देतं."

"कुणाला मान देतेय ती?"

आर्लो माथ्याकडे बघत राहिला.

मर्नानं बंदूक खाली केली. मग तिनं विचारलं, "तुला ते दोघं कुठे सापडले?"

"इथेच," तो म्हणाला. "त्या माथ्यावर. मी तुला कुंपणाजवळ म्हणून सांगितलं. सगळ्यांनाच तसं सांगितलं."

"डच पक्षी धरून उभा असला, आणि लायलनं हाक मारली, तर तो यायचा का?"

"कधीच नाही. लायल त्याच्या शेजारी येऊन उभा राहीपर्यंत तो हलायचा नाही. गारा पडल्या तरी नाही." आर्लोनं झऱ्याच्या दिशेला बोट केलं. "मार्चमध्येही इथे पक्षी असतात, मर्ना. झरा गोठत नाही."

तिच्या मनात काय जुळलं ते तेव्हाच माझ्याही मनात जुळलं. चरात रुतलेली गाडी. दार उघडल्याबरोबर उडी मारून सुटलेला कुत्रा. आणि त्या उडत्या बर्फात कुठेतरी, टेकाडावर, एक पाय उचलून उभा राहिलेला, हाकेला न येणारा, आणि त्याच्या शेजारी पोचायला निघालेला लायल. खरं तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. सांगायला कोणीच उरलं नाही.

"आता मी काय करायचं?" मर्नानं विचारलं. लायलला काही विचारावं तसं.

"मागच्या कुत्र्याला ओलांडून पुढे जायचं," आर्लो म्हणाला. "पुढच्या कुत्र्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं."

ती गेली. टॅन्सीच्या बाजूनं जाताना तिनं खाली पाहिलं नाही. टॅन्सीही हलली नाही. मर्ना त्या मोकळ्या जागेपर्यंत गेली आणि थांबली, थोडीशी डावीकडे, जणू उजव्या बाजूला कुणासाठी तरी जागा ठेवून.

पक्षी तिच्या समोरून उठले. आधी एक, मग तीन-चार, मग सगळा माथाच उठल्यासारखा झाला. त्यांच्या पंखांचा आवाज जाजमं झटकल्यासारखा येतो. मर्नानं बंदूक फिरवली आणि एकच बार काढला. एक पक्षी हवेतच मिटला आणि पलीकडे पडला. बाकीचे झऱ्यावरून दूर तरंगत गेले आणि राखाडी रंगात दिसेनासे झाले.

आर्लो एकदा म्हणाला होता की बार झाला की टॅन्सीला आवरावं लागतं, पक्षी आणायला ती वेड्यासारखी धावते. ती धावली नाही. ती हळूहळू चालत मर्नापाशी गेली, ती मोकळी जागा तिनं सगळीकडून हुंगली, आणि तिथेच उभी राहिली. मर्ना खाली बसली. तिनं एक हात टॅन्सीच्या गळ्यात टाकला. दुसरा हात तिनं उजव्या बाजूला पुढे केला, जमिनीपासून थोडा वर, आणि तिथे तो बराच वेळ तसाच धरला. तो हात कशावर तरी टेकलेला होता असं मला वाटलं. मी पाहिलं ते सांगतेय, त्यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

पडलेला पक्षी आर्लोनंच शोधून आणला.

 परतताना रस्ता महामार्गाला लागतो तिथे शिकार खात्यानं पिंप ठेवलेलं असतं, पक्ष्यांची मोजदाद ठेवता यावी म्हणून शिकाऱ्यांनी पक्ष्याचा एक पंख त्यात टाकायचा. आर्लोनं पंख उलगडून पिसं पाहिली आणि म्हणाला की म्हातारी मादी आहे, यंदा तिनं पिल्लं वाढवली होती. मर्नानं पंख घेतला, पिसांवरून एकदा हात फिरवला आणि पिंपात सोडला. त्या रात्रीच्या जेवणाला तिनं छातीचे तुकडे दुधात भिजवून बेकनच्या चरबीत तळले. मांस काळपट आणि सेजसारखं कडवट होतं. तिनं स्वतःचा वाटा सगळा खाल्ला.

मर्ना बॉयझीला गेली नाही. आर्लोनं त्यानंतर शिकार सोडली. गुडघा दुखतो म्हणतो. त्याचा गुडघा चांगला आहे. तो रोज पोस्टात चालत जातो, चर्चच्या पायऱ्या चढतो. हिवाळ्यात तो रस्ता साफ करायची पाळी त्यानं दुसऱ्याला देऊन टाकली.

मर्ना मात्र दर सप्टेंबरला जाते. गाडी मी चालवते आणि त्या कुंपणाच्या कोपऱ्यापाशी थर्मास घेऊन बसते. आता टॅन्सी म्हातारी झालीये, कानानं कमी ऐकते. मर्ना बंदूक नेते, पण बाराचा आवाज मला क्वचितच ऐकू येतो. दोघी टेकाडामागे दिसेनाशा होतात. मी रेडिओ लावत नाही.

ऊन चढल्यावर त्या परत येतात. मर्ना बंदूक मधून उघडून, रिकामी आहे हे मला दाखवून सीटमागे ठेवते आणि कॉफीसाठी हात पुढे करते.

"होते आज," ती कधी कधी म्हणते.

पक्षी होते की कोण, हे मी विचारलेलं नाही. मी कप भरते, आणि आम्ही दोघी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून टॅन्सीच्या पंजांतले काटे काढतो.